कोरडे मोजे

२२ सप्टेंबर १९५२, सोमवार

पोचले एकदाची! टपालाच्या गाडीत पिठाची तीन पोती, तारेचं एक भेंडोळं, खुराड्यात कोंबलेल्या पाच कोंबड्या आणि मी. कोंबड्या ज्या तोऱ्यात माझ्याकडे बघत होत्या त्यावरून त्यांचं तिकीट माझ्यापेक्षा वरच्या वर्गाचं असावं. गाडी हाकणारा हेक्टर हाच इथला पोस्टमन, हाच दुकानदार आणि वेळ पडली तर कबर खणणाराही हाच. म्हणाला, “आमच्या आर्डव्हानमध्ये अठ्ठेचाळीस माणसं, बाराशे मेंढ्या आणि साखळी ओढल्यावर पाणी येणारा एकच संडास. तो नर्सबाईंच्या घरात. तेव्हा लोक तुमच्याकडे औषधालाच येतात असं समजू नका.”

दोन खोल्यांचं दगडी घर आहे. चूल धूर ओकते, पण खिडकीतून समुद्र दिसतो. डंडी शहराच्या गिरण्यांच्या काजळीत बेचाळीस वर्षं काढल्यावर ही हवा पोटभर प्यावीशी वाटते. वाटेत हेक्टरनं माझी सगळी कुंडली काढून घेतली. आई एक्केचाळीस साली गेली, भाऊ युद्धात बोटीबरोबर बुडाला, लग्न केलं नाही, कोणी नाही. तेव्हा यानं विचारलं, मग तुमचं दफन कुठं व्हायचं? नव्या माणसाला कोणी असं विचारतं का! मी हसून म्हटलं, इथंच पुरा मला, समुद्र दिसेल अशी जागा बघून. तो हसला नाही. त्यानं टोपी काढली आणि मान लववली, जणू मी त्याच्या हातावर काही ठेवलं.

संध्याकाळी शेजारची मार्सली लोणी लावलेले गरम स्कोन आणि मटणाचं सूप घेऊन आली. चाळिशीची असेल. धुणं धुऊन लाल झालेले हात, बोलणं मोजकं. बोलताना सुया थांबत नाहीत. राखाडी लोकरीचा गुडघ्यापर्यंतचा मोजा विणत होती. कुणासाठी म्हणून विचारलं तर गावातल्या म्हाताऱ्या टॉर्कलबाबांसाठी म्हणाली. मी म्हटलं, जाडच विणा हो, इथला हिवाळा लांब असतो म्हणतात. ती म्हणाली, हो, फार लांब.

बाई चांगली आहे. इथं माझं बस्तान बसणार.

२५ सप्टेंबर

आज सायकलवरून पहिली फेरी केली. दोन बाळंतिणी, एक गळू, एक संधिवात. प्रत्येक घरी चहा, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न, की तुमची माणसं कुठं पुरली आहेत. गावाला एखादा छंद असतो, याला हा. नव्याचे नऊ दिवस, मग विचारायचे थांबतील.

रस्ता गावाच्या टोकाला दफनभूमीपाशी संपतो. पडकं चर्च, भोवती कमरेएवढी दगडी भिंत, आणि समुद्राकडे तोंड करून एक लोखंडी फाटक. फाटकात सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी होती. डोक्यावर काही नाही, एक वेणी सुटलेली, मोजे गुडघ्यापर्यंत भिजून चिखलानं माखलेले. सकाळचे अकरा, शाळेची वेळ. मी सायकल थांबवून दरडावलं, शाळा नाही का गं? ती म्हणाली, मला काम आहे. मला हसूच आलं. रेशनच्या कुपनावर मिळालेल्या खडीसाखरेच्या गोळ्यांतली एक तिला दिली. तिनं ती खाल्ली नाही, मुठीत धरून ठेवली. मग विचारलं, “तुम्ही आत येताय का?”

मी म्हटलं, “आत्ता नाही गं राणी, माझे पेशंट खोळंबलेत. नंतर येईन हं.”

तिनं मोठ्या बाईसारखी मान हलवली. कोणाची आहे ते शोधून आईला चार शब्द सुनवायला हवेत.

हेक्टरच्या दुकानाच्या दारावर काउंटीच्या कचेरीची नोटीस लागली आहे. जुनी दफनभूमी भरली असल्यामुळे एकतीस डिसेंबरनंतर बंद. पुढची दफनं अकरा मैलांवरच्या नव्या जागेत. नोटिशीपुढे चार बायका उभ्या होत्या. एकीचे डोळे पुसणं चाललं होतं. जागा बदलली म्हणून रडणारं गाव मी पहिल्यांदाच बघते आहे.

२ ऑक्टोबर

मार्सलीच्या दोरीवर लहान मुलाचे मोजे वाळत होते. एक-दोन नाही, सहा जोड. तिच्या घरात मूल तर मी कधी पाहिलं नाही. विचारलं, केवढं आहे मूल? म्हणाली, लेक आहे, सात वर्षांची. मग माझी ट्यूब पेटली आणि माझी जीभ सुटली. फाटकापाशी भेटलेली ती हीच. या वाऱ्यात उघड्या डोक्यानं, ओल्या पायांनी पोरीला सोडता, उद्या छाती भरली तर माझ्याच दारात आणाल ना, असं बरंच काही बोलले.

मार्सलीनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. “उभी होती की बसली होती? दमलेली दिसत होती का हो? खरं सांगा.”

मी म्हटलं, उभी होती, आणि हो, दमलेली होती. ती धुण्याच्या टबाच्या काठावर मटकन बसली. म्हणाली, रोज संध्याकाळी कोरडे मोजे नेऊन ठेवते, पण सकाळी पुन्हा चिंब. मला तिचा राग आला आणि थोडी कीवही. घरी येऊन शाळेच्या बाईंना चिठ्ठी लिहिली.

९ ऑक्टोबर

चहाचं रेशन उठलं! पातेलंभर करून प्यायले. एवढीच चांगली बातमी.

शाळेच्या बाईंचं उत्तर आलं. गावात सात वर्षांची मुलगी नाही. शाळेतलं सगळ्यात धाकटं पोर नऊ वर्षांचं आहे, आणि तो मुलगा आहे.

दुपारी दफनभूमीत गेले. भिंतीलगत एक नवा दगड सापडला. ‘पेगी, युअन आणि मार्सली यांची मुलगी, वय ७, फेब्रुवारी १९४७.’ त्यानंतरच्या तारखेचा एकही दगड तिथं नाही. फाटकाच्या खांबावर लहान मोज्यांचा कोरडा जोड घडी घालून ठेवलेला होता. त्याच्याजवळ माझी गोळी. कागदसुद्धा सोडवलेला नव्हता.

आता डोकं ताळ्यावर ठेवून लिहिते. लेकरू गेल्यावर आया काय काय करतात ते मी पाहिलं आहे. फाटकात दिसलेली मुलगी कुठून पाहुणी आलेली असणार. मी नर्स आहे. कितीतरी मेलेली माणसं मी या हातांनी धुतली आहेत. ती उठून फाटकात उभी राहत नाहीत.

२० ऑक्टोबर

टॉर्कलबाबांची छाती तपासायला गेले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा, जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस. दात दोन, पण वाणी तिखट. माझा स्टेथोस्कोप छातीला लागताच म्हणाले, “हात गरम करून यायचं की गं पोरी, मी अजून मेलो नाही.” मग काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना पेगीचं विचारलं. त्यांनी मला बसवलं आणि एखादी रोजची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

इथं जो शेवटी पुरला जातो त्यानं फाटकावर राखण करायची. पुढचं कोणी येईपर्यंत. ते आलं की याची सुटी, मग हा आत जाऊन निजतो. पूर्वीपासून असंच. म्हणून एका दिवशी दोन मयती निघाल्या तर दोन्हीकडचे खांदेकरी फाटकाकडे धावत सुटत, आपलं माणूस मागं राहू नये म्हणून. सत्तेचाळीसच्या त्या मोठ्या बर्फात तसंच झालं. पेगी आणि एक म्हातारा कोळी एकाच सकाळी निघाले. पेगीची पेटी ती केवढी, तिचा बाप युअन एकटाच छातीशी धरून धावत होता. फाटकापासून दहा पावलांवर त्याचा पाय घसरला. कोळी आधी आत गेला.

पोरीला एकटी उभी बघून युअन महिन्याभरात होडी घेऊन वादळात गेला. मुद्दाम गेला, पण लोकांना अपघातच दिसावा अशा बेतानं, बाबा म्हणाले. पण समुद्रानं त्याला परत दिलाच नाही. मार्सलीला जीव देता येत नाही, कारण जीव दिलेल्याला भिंतीच्या आत घेत नाहीत. आणि मग मोजे कोण नेणार? बाकी जे आजारी पडले ते शहरातल्या इस्पितळात गेले आणि तिकडेच मुलांजवळ पुरले गेले. पाच वर्षं पोर उभी आहे.

आणि आता ही नोटीस. एकतीस डिसेंबरला दिवस मावळायच्या आत कोणी आलं नाही, तर पुढे कोणी यायचंच नाही. जो शेवटचा, तो कायमचा.

“म्हणून मी जाणार,” बाबा म्हणाले. “साठ वर्षं मेंढ्या राखल्या. उभं राहायची सवय आहे मला. मोजेही तयार होतायत.”

मी हसले. रागावलेही. म्हणाले, असल्या गोष्टी सांगून त्या बाईच्या दुःखाला तुम्ही सगळे खतपाणी घालता. ते म्हणाले, “हस पोरी, हस. फक्त वेळ आली की मला ती सुई टोचू नकोस. एवढं एकच मागतो.”

१४ नोव्हेंबर

टॉर्कलबाबांना न्यूमोनिया. म्हातारा दोन दिवस पावसात नुसत्या सदऱ्यावर अंगणात बसला होता, आणि एका शेजाऱ्यानंही त्याला आत नेलं नाही!

मी पोचले तर घरात जत्रा. मार्सलीनं केक भाजलेला, हेक्टरनं व्हिस्की आणलेली. एकेक जण बिछान्याशी जाऊन बाबांना निरोप सांगत होता. माझ्या आईला सांगा, गाय विकली नाही. माझ्या भावाला सांगा, मनात काही ठेवलं नाही. पत्र घेऊन जाणाऱ्या पोस्टमनला सांगावं तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांना बाहेर काढलं आणि पेनिसिलिन टोचलं. बाबांनी माझा हात ढकलला. अंगात ताकद नव्हती, नाहीतर फेकलंच असतं. रडत होते. मीही हट्टाला पेटले आहे. माझ्या देखत माणूस मरत असताना हात बांधून बसायला मी इथं आलेले नाही.

२३ नोव्हेंबर

बाबा वाचले! माझ्याजवळ होत्या तेवढ्या सगळ्या पेनिसिलिनच्या बाटल्या रिकाम्या झाल्या; नव्या पेटीसाठी पत्र टाकलं आहे. आज रुग्णवाहिका त्यांना शहराच्या इस्पितळात घेऊन गेली.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “तू चांगलं केलंस असं तुला मनापासून वाटतंय ना पोरी, त्याचंच वाईट वाटतं.” मार्सली पुरे झालेले मोजे घेऊन उभी होती. तिला म्हणाले, तुझ्याचपाशी ठेव, वर्ष संपायच्या आत परत येऊन घालीन.

परतताना गावभर खिडक्यांत माणसं होती. कोणी हात हलवला नाही. उपकाराची फेड हीच असते म्हणा.

८ डिसेंबर

रस्ता चार दिवस बर्फानं बंद होता. आज टपाल आलं. टॉर्कलबाबा तीन तारखेला इस्पितळात हृदय बंद पडून गेले. रस्ता नसल्यामुळे त्यांना तिथंच पुरलं.

सांगायला मार्सलीकडे गेले. तिनं ऐकून घेतलं. शेगडीजवळ बसली आणि बाबांचा मोजा उसवायला लागली. ओळीमागून ओळ. लोकर मांडीवर साठत गेली. मी म्हटलं, एवढी मेहनत कशाला उसवता? ती म्हणाली, आता दुसऱ्या मापाचे हवेत.

माझे बूट ओले होते म्हणून तिनं ते शेगडीपाशी वाळत ठेवले. माझ्यासाठी चहा ओतून झाल्यावर तिनं एक बूट उचलला आणि त्याच्या तळाला लोकरीचा धागा लावून पाहिला. मला वाटलं, नववर्षाची भेट असावी. मी न पाहिल्यासारखं केलं.

घरी येऊन दाराला आतून कडी घातली. वाऱ्यामुळेच.

१५ डिसेंबर

पाहिली. आज नीट पाहिली.

दुपारचे पावणेतीन, लख्ख उजेड, ताजं बर्फ. एका बाळंतिणीकडून येत होते. फाटकात ती उभी होती. तीच सुटलेली वेणी, तेच ओले मोजे. तिच्याभोवती बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. माझीच तेवढी होती, मी थांबले तिथपर्यंत.

तिनं विचारलं, “आता येताय का? तुम्ही नंतर म्हणाला होता.”

मी पळाले. बेचाळीस वर्षांची बाई, सायकल वेडीवाकडी हाणत पळाले. उतारावर चाक सरकलं आणि थेट ओढ्यात. बर्फाचं पाणी कमरेपर्यंत. घरी पोचेपर्यंत कपडे अंगावर कडक झाले होते. दात वाजायचे थांबत नाहीत. मार्सलीनं मला चादरीत गुंडाळलं, पाय चोळले. फार मायेनं चोळले.

१९ डिसेंबर

ताप एकशेतीन. उजव्या बाजूला खाली श्वास वाजतो. माझं निदान मीच केलं आहे, चुकण्यासारखं त्यात काही नाही. औषधाची पेटी अजून आलेली नाही म्हणून हेक्टर सांगतो. टेलिफोनची तार बर्फानं तुटली आहे. डॉक्टरांना द्यायला चिठ्ठी दिली. त्यानं टोपी काढली आणि चिठ्ठी खिशात ठेवली. पहिल्या दिवशीही त्यानं अशीच टोपी काढली होती, इथंच पुरा म्हटलं तेव्हा —

मार्सली उशाशी बसून असते. सूप भरवते. सुया चालू असतात.

२४ डिसेंबर

आज लोक आले. एकेक करून. हात धुऊन, केस विंचरून.

गळूवाला आला. त्याच्या आईला सांगायचं आहे की गाय शेवटी विकावी लागली. संधिवातवाली म्हणाली, बाई, तुमचे फार उपकार. माझ्या नवऱ्याला सांगा, छप्पर नवं घातलं. बाळंतीण बाळ घेऊन आली. बाळाला माझ्यासमोर धरलं, आतल्या सगळ्यांना सांगता यावं म्हणून.

मी ओरडले. म्हटलं, मी मरत नाहीये! ते दाराशी थांबले, माना खाली घालून. मग पुढचा आत आला.

२७ डिसेंबर

मार्सलीनं लोकरीचा गुंडा काढायला टोपली उचलली. तळाशी पुठ्ठ्याची पेटी. इस्पितळाचा शिक्का, वर माझं नाव.

विचारलं. ती खोटं बोलली नाही. दहा तारखेलाच आली होती, हेक्टरनं तिच्याकडे दिली. फोडलेली नाही, शपथ घेते म्हणाली. माझी चिठ्ठीही तिथंच होती.

मी हात जोडले. लाज सोडून रडले. म्हटलं, एक बाटली, मार्सली, फक्त एक. तीही रडली. माझे हात डोळ्यांना लावले. म्हणाली, “तुम्हीच हेक्टरला सांगितलंत ना बाई, तुमचं कोणी नाही. माझं आहे हो.”

पेटी घेऊन ती बाहेर गेली. येताना हात रिकामे होते.

२९ डिसेंबर

दफनभूमीतून धूर येतो आहे. सकाळपासून. गोठलेली जमीन खणण्याआधी मऊ करायला पीटच्या, दलदलीतल्या वाळक्या मातीच्या, विटा पेटवून ठेवतात, हे मला इथंच कळलं होतं.

मी विचारलं, कोण गेलं?

मार्सलीनं पांघरूण नीट केलं. “अजून कोणी नाही.”

३० डिसेंबर

दारापर्यंत गेले. सरपटत. बाहेर हेक्टर बसला होता. त्यानं मला उचललं, लहान पोर उचलावं तसं, आणि परत निजवलं. म्हणाला, पाय गार पडतील.

हिशोब साधा आहे. उद्या दिवस मावळेपर्यंत जगायचं. साडेतीनला मावळतो. मग फाटक बंद, मग मी त्यांच्या कामाची नाही. कदाचित औषधाची पेटीही देतील. श्वास घ्यायचा. सोडायचा. मोजून. मी शेकडो लोकांना शिकवलं आहे —

पण मग ती पोर — कायमची —

नाही. त्याचा विचार करायचा नाही.

३१ डिसेंबर

जिवंत आहे. दहा वाजले.

पलंग खिडकीकडे फिरवला आहे त्यांनी. समुद्र दिसेल अशी जागा. आता हसू येत नाही.

अंगणात चौघे उभे आहेत. नवे कोट, टोप्या हातात. लाकडाची पेटी दोन खुर्च्यांवर. घाईनं केलेली नाही, छान रंधा मारलेला आहे. कोणी माझ्याकडे बघत नाही. सूर्याकडे बघतात.

बारा.

मार्सलीनं मोजे घातले मला. गुडघ्यापर्यंत. अगदी मापात बसले. दुसरा जोड घडी करून माझ्या छातीवर ठेवला आहे. एक ओला होईल तेव्हा दुसरा.

दीड. खिडकीतून फाटक दिसतं. ती उभी आहे. खांबाला टेकली आहे आता. खरंच फार दमली आहे. मला राग यायला हवा. तिचा येत नाही. मी गोळी दिली तेव्हा तिनं मूठ कशी मिटली होती ते आठवतं. नंतर येईन म्हणाले होते. पोरं विसरत नाहीत.

पण मला नाही जायचं. नाही जायचं मला —

सव्वादोन. श्वास चालू आहे. चांगला चालू आहे. कालच्यापेक्षा खोल. ताप उतरतो आहे, मला कळतं ना, मी नर्स आहे — घाम सुटला आहे, हे चांगलं लक्षण — मी वाचणार —

मार्सलीलाही कळलं. कपाळाला हात लावून बघितला तिनं. मग तशीच उभी राहिली.

हेक्टरनं बाहेरून काचेवर बोट वाजवलं. घड्याळ दाखवलं.

ती दार लावून आली. बसली. म्हणाली, “रोज कोरडे आणून देईन हो बाई. एक दिवस चुकणार नाही. मी आहे तोवर.”

मी म्हटलं, आणि तू गेल्यावर? तुला तर त्या नव्या जागेत नेतील, अकरा मैलांवर — मग मला कोण —

उशी नीट करते म्हणून माझ्या डोक्याखालून तिनं उशी काढली आणि दोन्ही हातांनी —